शहात्तर मैल

१

गाडी धुऊन झाली आणि मग कुंडलिकच्या ध्यानात आलं, की आपण काय धुऊन टाकलंय.

डाव्या दिव्याची काच फुटलेली होती. दिव्याच्या कडीत कडब्याचं एक पान अडकलं होतं आणि पानाखाली हिरव्या बांगडीचा नखाएवढा तुकडा. बादलीतलं पाणी तांबूस दिसत होतं. सोलापूरची माती काळी. तांबूस पाणी कुठून येणार? कुंडलिकनं घाईघाईनं बादली गटारात उपडी केली. माणूस घाबरला की आधी चूक करतो, विचार मागाहून सुचतो.

वीस वर्षं तो शुक्रवार पेठेतल्या सिद्धलिंगप्पा अण्णांची ही काळी विलायती मोटार चालवत होता. अण्णा सुताचे व्यापारी. वय झालं, नजर गेली, पण गाडी विकायचं नाव काढू देत नसत. कुंडलिकचा एकच नेम होता: अमावस्येला गाडीला हात लावायचा नाही. त्यातून काल तर येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी या भागात गावंच्या गावं शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतात, आंबील पितात. तोही मोहोळकडच्या आपल्या गावी जाऊन बायकोला, सोजरबाईला भेटून दोन वाजता परत आला होता आणि गॅरेजातल्या बाजेवर दुपारभर झोपला होता. गाडीवर झूल होती. ती उचलून बघायचं त्याला कारणच नव्हतं.

त्यानं दार उघडून मीटर बघितलं. पेट्रोल महागल्यापासून अण्णांचा हुकूम होता, रोज संध्याकाळी मीटरचा आकडा गॅरेजच्या दारावर खडूनं लिहायचा. परवाचा आकडा दारावर होता, ६१२०४. मीटर म्हणत होतं ६१२८०.

‘आयला! शहात्तर?’ कुंडलिक पुटपुटला. त्यानं गाडी सुरू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेली. काटा वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता. आणि मीटरच्या आतून आवाज येत होता. टक. टक. टक. आत कुणीतरी बसून बोटानं काच वाजवावी तसा. परवापर्यंत हा आवाज नव्हता.

त्यानं गाडी तशीच मागं घेतली, उतरला आणि विठ्ठलाचं नाव घेतलं. तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी काठी आपटली. बघतो तर फौजदार उभे.

२

‘तुळजापूर रोडला, इथून आठ मैलांवर, दगडाबाई नावाची म्हातारी मेली. कडबा विकायची,’ फौजदार बैठकीत बसून सांगत होते. नव्यानं बदलून आलेला तरुण माणूस, पण डोळे थंड. ‘काल संध्याकाळी चारीत सापडली. लगेच गेलेली नाही बिचारी. वीस हात सरपटत रस्त्याकडं आली होती. येळवशीमुळं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका मेंढक्यानं लांबून काळी, पाठीनं गोल अशी मोटार बघितली. बारा ते तीनच्या दरम्यान कधीतरी. अशी मोटार सोलापुरात एकच आहे, अण्णा.’

अण्णांच्या हातातली जपमाळ थांबली. दाराआड त्यांची थोरली विधवा बहीण काशम्मा उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

‘काल गाडी मी नेली होती,’ बसलिंगप्पा आपण होऊन म्हणाला. हा अण्णांचा पुतण्या, तिशीतला, परीटघडीचा शर्ट, मागं वळवलेले केस. अण्णांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा उद्याचा मालक हाच. ‘अक्कलकोटच्या मळ्यात. यंदा वाटेकऱ्याच्या घरी सुतक, मळ्यात पूजेला कोणी नाही. म्हणून अण्णांनी मला एकट्याला नैवेद्य घेऊन पाठवलं. नऊला गेलो, साडेबाराला परत. किल्ली देवघरात टांगली. तुळजापूर रोड त्या तिकडं आणि मळा ह्या इकडं. खोटं वाटत असेल तर मीटर बघा की! जाऊन आल्याचा आकडा त्यात असणारच.’

मीटरचं नाव कुणी काढलंही नव्हतं.

फौजदारांनी कुंडलिकला आकडे विचारले. त्यानं सांगितले.

‘शहात्तर. आणि मळा किती लांब?’

कुंडलिक खरं बोलला. खोटं सुचावं एवढी त्याची अक्कलच त्या घडीला चालत नव्हती. ‘चोवीस मैल, साहेब. जाऊन-यिऊन अठ्ठेचाळीस.’

‘अठ्ठेचाळीस?’ बसलिंगप्पा म्हणाला. क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला. मग त्याचे डोळे हळूहळू कुंडलिककडं वळले. ‘मग वरचे अठ्ठावीस मैल कुठले रे, कुंडलिक? मी किल्ली ठेवली साडेबाराला. तू दोनला आलास म्हणतोस. कुणी बघितलं तुला येताना?’

‘न्हाई वो मालक… मी झोपलो हुतो…’

‘तुळजापूर रोडला आठ मैल जायला आणि आठ यायला, सोळा,’ फौजदार म्हणाले. ‘अठ्ठावीस म्हणजे भरपूर झाले. डाव्या दिव्याची काच फुटलीय, आणि आज सकाळी गाडी धुतलीस का?’

कुंडलिकनं फाटकाकडं बघितलं. गटारात अजून ते पाणी वाहत असेल असं त्याला वाटलं. ‘रोजच धुतो, साहेब,’ तो म्हणाला, पण ते त्याचं त्यालाच खोटं वाटलं.

फौजदार उठले. कुंडलिकच्या डोळ्यांसमोर सोजरबाई आली, गावातल्या घराचं दार आलं आणि दारात जमलेली माणसं आली. हातात बेड्या घातलेला माणूस निर्दोष सुटला तरी गाव त्याला आयुष्यभर ‘बेडीवाला’च म्हणतं.

‘थांबा,’ अण्णा म्हणाले. ‘तुम्ही मीटरची साक्ष धरताय. मग माझं मीटर खरं बोलतंय का, एवढं तरी बघू द्या. टिळक चौकातल्या नागप्पाला बोलावतो.’

‘पाच वाजेपर्यंत,’ फौजदार म्हणाले. ‘पाचनंतर हा माझ्याबरोबर येईल.’ आणि एक शिपाई फाटकाशी ठेवून ते गेले.

३

नागप्पा घड्याळं आणि मोटारीची मीटरं दुरुस्त करायचा. साठीचा, हडकुळा, कपाळावर विभूती, एका डोळ्याला भिंग लावायची इतकी सवय की भिंग नसतानाही तो डोळा बारीक करून बघे. तोंड फाटकं. आल्या आल्या कुंडलिकला म्हणाला, ‘येनप्पा, मढ्यागत काय उभा राहिलास? बस गाडीत. अक्कलकोट रस्त्याला घे.’

शिपाई मागं बसला. कुंडलिकनं गाडी अक्कलकोट रस्त्याला घेतली. काटा थरथरत होता, आतून टक टक चालूच होतं, आणि दर टकीला त्याला वाटे, ती म्हातारी आत बसलीय आणि आपल्याला हाका मारतेय.

‘मामा, ती… ती वाजवती जणू आतनं.’

‘ती मेली. मेलेली माणसं तुझ्या मीटरात कशाला येतील, त्यांना दुसरी कामं न्हाईत? ऐक. काटा आणि आकडे, दोघांचा बाप एक. गिअरबॉक्समधनं येणारी फिरती तार. दोघं मेले तर तार तुटली. आकडे चालू आणि काटा बंद, तर दोष मीटरच्या पोटात. हितं दोघं जिवंत हायत, काटा कापतोय आणि टकटक हाय. म्हंजे तार कुठंतरी वाकलीय, फिरताना नळीला आपटतीय. आता दगड मोज.’

रस्त्याकडेचे पाच दगड गेले. नागप्पानं मीटर बघितलं. ‘पाच दगडांत तीन आणि वर चिमूटभर. बरोबर?’

‘बरोबर. ह्येच पडतंय की दर टायमाला.’

‘म्हंजे कापत का होईना, मीटर खरं बोलतंय. फिरव माघारी.’

कुंडलिकला मीटर खोटं निघावं एवढी एकच आशा होती, तीही गेली.

गॅरेजात नागप्पा गाडीखाली शिरला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, ‘तारेच्या नटावर पक्कडीचे दात उठलेत. ताजे. हा नट पान्यानं सोडायचा असतो हे कळणाऱ्याचं काम न्हाई हे.’ मग तो तार ओढून बाहेर आला आणि शहाबादी फरशीवर तळहाताखाली लाटू लागला. चांगली तार सरळ घरंगळते. ही एका जागी टुणकन उडी मारत होती. नागप्पानं डोळा बारीक करून तारेचं टोक धरलं. चौकोनी टोकाभोवती लाल सुताचे तंतू करकचून गुंडाळलेले होते.

‘ही तार शेवटी कुणी काढली हुती?’

‘गेल्या साली मीच बदलली,’ कुंडलिक म्हणाला. ‘धाकटे मालक उजेडाला बॅटरी धरून बसले हुते शेजारी.’ आणि बोलता बोलताच त्याला उमगलं, की तार काढणारा म्हणून आपण आपलंच नाव सांगून बसलो. शिपायानंही मान वर केली होती. ‘पण मी न्हाई वो मामा! पोरांच्या गळ्याशपथ न्हाई!’

नागप्पा ते तंतू नखानं सोडवू लागला.

४

काशम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली. नागप्पाच्या हातातले लाल तंतू तिनं बघितले आणि तांब्या तिच्या हातातून निसटून खाली आदळला.

‘अव्वाचं सूत,’ ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

गॅरेजला लागून एक पडवी होती. तिथं कोपऱ्यात अण्णांच्या आईचा, अव्वाचा रहाट होता. मागाच्या कांड्या भरायचा जुना लाकडी रहाट. अव्वा मेल्याला नऊ वर्षं झाली. मरायच्या दिवशीही ती कांड्या भरत होती. तेव्हापासून घरात त्याला कुणी हात लावला नव्हता. लाल सुताची तिची शेवटची लड अजून खुंटीला होती.

‘काल दुपारी तो फिरत होता,’ काशम्मा कुजबुजली. ‘अमावस्येला! अमावस्येला रहाट फिरवायचा नाही हा तर अव्वाचाच दंडक. मी एकटी घरात. अण्णा वर झोपलेले. आणि पडवीतनं आवाज. घर्रर… टक. घर्रर… टक. तासभर, नागप्पा. कांडी भरताना रहाट मधे मधे थांबतो. हा थांबतच नव्हता. मी देवघरात जाऊन कान झाकून बसले. सांगू कुणाला? म्हणतील म्हातारीला वेड लागलं.’

कुंडलिक पडवीपासून दोन पावलं मागं सरला. तो दोनला आला होता आणि त्याच पडवीच्या भिंतीला पाय लावून झोपला होता.

‘चल,’ नागप्पा म्हणाला.

‘मी न्हाई येत.’

‘मग बेड्या घालून घे. बेड्यांपरास भूत बरं, कुंडल्या.’

पडवीत अंधूक उजेड होता. रहाटाच्या खांबांवर बोटभर धूळ, कोळ्याचं जाळं तुटून लोंबत होतं. कुंडलिक उंबऱ्यावरच थांबला. नागप्पा वाकला. चातीला, जिच्यावर कांडी बसवतात त्या लोखंडी सळईला, लाल सुताचे दोन वेढे होते. आणि फिरवायची मूठ? मूठ स्वच्छ होती. चकचकीत.

नागप्पा हसला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. ‘हातानं मूठ घासून चकचकीत करणारं भूत! अय्यो. भुताला हात असतात व्हय रे?’ मग त्यानं खडूनं लिहिलेल्या दाराकडं बघितलं, ओठांत काहीतरी मोजलं आणि त्याचं हसू गेलं. ‘किती वाजले?’

‘पावणेपाच.’

‘रहाट उचल. बैठकीत न्यायचाय.’

५

पाच वाजता फौजदार आले तेव्हा बैठकीच्या मधोमध अव्वाचा रहाट होता. शेजारी चौरंगावर गाडीतून काढून आणलेलं मीटर, त्याची तार सुतानं रहाटाच्या चातीला बांधलेली.

‘हा काय पोरखेळ?’ बसलिंगप्पा म्हणाला.

‘काशम्मा, डोळे मिटा,’ नागप्पा म्हणाला आणि त्यानं मूठ फिरवली. घर्रर… टक. घर्रर… टक. मीटरचा काटा कापत वर चढला आणि आकडे हळूहळू सरकू लागले.

‘हाच!’ काशम्मा किंचाळली. ‘हाच तो आवाज! हाच!’

फौजदार पुढं झुकले. ‘म्हणजे कुणीतरी बसल्या जागी आकडे वाढवले. पण कशाला? चोर आकडे लपवील. वाढवील कोण?’

‘बरोबर बोललात. कुंडल्यानं गाडी पळवली असती तर त्याला आकडा कमी पायजे होता. जास्त आकडा कुणाला पायजे? जो लांब जाऊन आलो म्हणतो, पण गेला जवळच, त्याला. आता शहात्तरच का? पंचाहत्तर न्हाई, ऐंशी न्हाई. शहात्तर म्हंजे अडतीस दुणे. साहेब, तुम्ही नवीन माणूस. अक्कलकोट किती लांब?’

‘अडतीस,’ फौजदार चटकन म्हणाले. ‘दगडावर आहे. एसटीच्या तिकिटावरही.’ आणि मग ते थांबले.

‘अडतीस किलोमीटर,’ नागप्पा म्हणाला. ‘सगळ्या सोलापूरच्या तोंडात अजून मैलच हाय, दगडाच्या आकड्यालाबी लोक मैलच म्हणतात. पण ही गाडी विलायती. तिचं मीटर खरे मैल मोजतंय. सकाळी पाच दगडांत ते तीनच सरकलं, कुंडल्याला त्यात नवल वाटलं न्हाई, कारण वीस वर्षं तो हेच बघतोय. त्याला झोपेत विचारलं तरी तो सांगेल, मळा चोवीस. शहात्तर आकडा लावणारा माणूस ह्या गाडीत मागं बसणारा हाय. त्यानं दगड वाचलेत, मीटर कधी वाचलं न्हाई. आकडा बरोबर धरला आणि माप चुकलं. तार कशी निघते ते त्यानं बॅटरी धरून बघितलं हुतं. आणि साहेबांनी विचारायच्या आधी, मीटर बघा की, असं तोच म्हणाला.’

अण्णांनी आंधळ्या नजरेनं चेहरा वळवला. ‘बसू,’ ते म्हणाले, ‘मळा किती लांब आहे, सांग बघू.’

बसलिंगप्पाच्या कपाळावरचा घाम परीटघडीच्या शर्टावर पडला. मग तो मटकन खाली बसला.

‘पत्ते खेळायला गेलो होतो,’ तो म्हणाला. ‘तुळजापूर रोडच्या मळ्यात, नऊ मैलांवर. येताना म्हातारी आडवी आली, डोक्यावर कडबा, तिला दिसलंच नाही. मी उतरलो होतो, अण्णा! हाक मारली. हलेना. मला वाटलं ती मेली. मग… मीटर अठराच दाखवत होतं. तुम्ही संध्याकाळी आकडा विचारणार. म्हणून…’

‘म्हणून तू येऊन मीटर आणि तार काढून पडवीत नेलीस आणि रहाट फिरवलास,’ फौजदार म्हणाले. ‘किती वेळ?’

‘तासभर.’

‘डॉक्टर म्हणतात, ती चारपर्यंत जिवंत होती.’

त्यावर बसलिंगप्पानं असा काही आवाज काढला, की कुंडलिकनं दुसरीकडं बघितलं. काशम्मा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. ‘मी दार उघडलं असतं तर,’ ती म्हणत होती, ‘मी नुसतं दार उघडून बघितलं असतं तर…’

शिपायानं बसलिंगप्पाला उठवून नेलं. फौजदार जाताना कुंडलिककडं बघून मान हलवून गेले. कुंडलिकला रडू फुटलं. सुटल्याचं रडू होतं ते. लाज वाटावी इतका आनंद त्याला झाला होता. नागप्पा रहाटावरचं लाल सूत सोडवत बसला होता.

‘कुंडलिक,’ अण्णा म्हणाले, ‘गाडी काढ. त्या बाईच्या घरी जायचंय.’

‘अण्णा, मीटर काढून ठिवलंय. जागा मोकळी हाय तितं.’

‘असू दे.’

दिवस कलला होता. तुळजापूर रोडला कुंडलिकनं गाडी नेहमीच्याच चालीनं चालवली, ना जोरात ना हळू. मीटरच्या जागी भोक होतं आणि त्यातून वारा येत होता. टकटक बंद झाली होती, तरी त्याला ती ऐकू येत होती. चारीपर्यंत किती वेळ लागतो ते अण्णांनी निघताना त्याला घड्याळात बघायला सांगितलं होतं. चारीजवळ वाळलेला कडबा अजून पसरलेला होता. तिथं त्यानं गाडी थांबवली आणि पुन्हा घड्याळ बघितलं.

‘किती?’ अण्णांनी विचारलं.

‘अठरा मिन्टं, अण्णा.’

‘अठरा,’ अण्णा म्हणाले. ‘आणि रहाट तासभर.’ कुंडलिकनं उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं, हात पुढं केला. पण अण्णा कितीतरी वेळ गाडीतून उतरलेच नाहीत.